कार्यकर्त्याची स्मृती कशी जपावी: पहिल्या दिवसापासून पहिल्या पुण्यतिथीपर्यंत

गावातला किंवा वस्तीतला जुना कार्यकर्ता गेला की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो, आठवड्याभरात श्रद्धांजलीची सभा होते, सभेत कोणीतरी उठून चौकाला त्यांचे नाव देण्याची मागणी करते आणि टाळ्यांबरोबर विषय संपतो. त्याच काळात घर आवरताना त्यांच्या वह्या रद्दीत जातात आणि त्यांच्याकडे मदतीसाठी येणारी माणसे दोन-तीनदा फोन लावून पाहून गप्प बसतात. पुढे स्मरणिका काढायची ठरते तेव्हा हाती उरतात ती फक्त विशेषणे. हे टाळायचे असेल, तर कामांचा क्रम उलटा लावावा लागतो. आधी त्यांची अर्धवट कामे, मग कागद, मग लोकांच्या आठवणी, त्यानंतर सभा आणि पुस्तिका. नाव, फलक आणि पुतळा सर्वांत शेवटी. या लेखात त्याच क्रमाने माहिती दिली आहे. ती मुख्यतः महाराष्ट्रातील गाव, वॉर्ड किंवा तालुका पातळीवरच्या कार्यकर्त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

पहिला दिवस

अनेक कार्यकर्त्यांनी नेत्रदानाचा किंवा देहदानाचा संकल्प केलेला असतो, पण त्याचा कागद कपाटात असतो आणि घरच्यांना तो वेळेवर आठवत नाही. म्हणून जवळच्या सहकाऱ्याने घरी पोहोचताच हा विषय हळुवारपणे, पण स्पष्टपणे काढावा. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. नेत्रपेढीचे पथक येईपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीने थोडे उंच करावे आणि पंखा बंद ठेवावा. देहदानासाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्र विभागाशी संपर्क साधावा लागतो. डॉक्टरांनी दिलेले मृत्यूचे प्रमाणपत्र आणि वारसांची संमती लागते, आणि शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारला जात नाही. संकल्पपत्र भरलेले असले तरी प्रत्यक्षात निर्णय कुटुंबाच्या संमतीवरच होतो. कुटुंबाची इच्छा नसेल, तर कार्यकर्त्यांनी तिथे वाद घालू नये.

अंत्यविधी कसा व्हावा याबद्दलही हेच लागू आहे. आयुष्यभर कर्मकांड नाकारलेल्या माणसाच्या घरी दशक्रियेची तयारी सुरू झालेली पाहून सहकाऱ्यांना वाईट वाटते, ते स्वाभाविक आहे. पण दुःख आधी घरच्यांचे असते. सार्वजनिक सभा आपल्या हाती आहे, तिथे त्यांचे विचार मांडावेत.

निधनाची बातमी वृत्तपत्रांना आणि व्हॉट्सअॅप गटांवर पाठवण्याआधी एकाच माणसाने लिहावी आणि घरच्या एका व्यक्तीला वाचून दाखवावी. पूर्ण नाव, वय, गाव, कोणत्या कामासाठी लोक त्यांना ओळखत, अंत्यदर्शन कुठे आणि किती वाजता, एवढे पुरे. संस्थेच्या स्थापनेचे साल आठवणीतून लिहू नये. बातमीत चुकलेले साल पुढे दरवर्षी पुण्यतिथीच्या बातमीत छापले जाते आणि नंतर तेच खरे ठरते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत करावी लागते. संस्थेचे आणि बँकेचे पुढचे सगळे व्यवहार त्या दाखल्यावर अवलंबून असतात, म्हणून दाखल्याच्या प्रती जास्तीच्या काढून ठेवाव्यात.

पहिला पंधरवडा: अर्धवट राहिलेली कामे

माझ्या मते, कार्यकर्त्याला वाहिलेली खरी आदरांजली याच पंधरवड्यात दिली जाते किंवा राहून जाते. एकट्याच्या जिवावर काम ओढणाऱ्या माणसाच्या डोक्यात आणि खिशात किती गोष्टी होत्या, हे तो गेल्यावर कळते. कोणाचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये पडून आहे, कोणत्या मुलीची कॉलेजची फी भरायची आहे, कोणत्या महिलेच्या पोटगीच्या दाव्याची तारीख जवळ आली आहे, कोणत्या रुग्णाला दर महिन्याला औषध पोहोचवले जात होते, याची यादी ताबडतोब करावी.

एका कार्यकर्तीची अशी एक वही माझ्या पाहण्यात आली होती. शंभरपानी, खाकी कव्हर घातलेली, कडा तेलकट झालेल्या. डावीकडे तारीख, मधे नाव आणि काम, उजवीकडे दिलेले किंवा लागलेले पैसे. ‘रेशनकार्डात सुनेचे नाव, तहसील, सोमवारी परत.’ ‘औषध ३४०, उधार.’ ‘शाळा सोडल्याचा दाखला, हेडमास्तर रजेवर.’ काम झाले की नोंदीवर तिरकी रेघ आणि राहिले असेल तर तारखेभोवती गोल. तिच्या माघारी कोणीही गोलांची पाने काढून कामाला लागावे, इतकी ती वही सरळ होती. प्रत्येकाची वही अशी नसते. पण प्रत्येकाची काहीतरी खूण असते आणि ती ओळखणारा सहकारी शोधून त्यालाच यादी करायला बसवावे.

यादी झाली की प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव लिहावे. ‘आपण सगळे मिळून बघू’ या वाक्याने कोणतेही काम पुढे सरकत नाही. त्यांचा मोबाइल क्रमांक लगेच बंद करू नये. कुटुंबाची हरकत नसेल तर तो काही महिने चालू ठेवून एका जबाबदार सहकाऱ्याकडे द्यावा, कारण अडचणीतल्या माणसाला तोच एक क्रमांक पाठ असतो. मात्र त्या फोनमधील खासगी संदेश आणि छायाचित्रे घरच्यांची आहेत, ती कोणी चाळू नयेत.

ते नोंदणीकृत संस्थेचे विश्वस्त असतील, तर त्यांच्या जागी झालेल्या बदलाचा अर्ज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावा लागतो. बोलीत त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. छोट्या संस्था याकडे हमखास दुर्लक्ष करतात आणि पुढे बँक सही बदलून देत नाही, अनुदान अडते, शेवटी वकिलाकडे धाव घ्यावी लागते. विश्वस्तांची बैठक बोलावून शोकप्रस्ताव आणि बँकेच्या सहीचा ठराव एकाच बैठकीत मंजूर करून घ्यावा. शोकप्रस्तावाच्या दिवशी व्यवहाराचे बोलणे अनेकांना रुचत नाही. पण संस्थेवर जीव असलेल्या माणसाला ते नक्की रुचले असते.

पहिला महिना: कागद वाचवणे

घरच्यांनी खोली आवरायला घेण्याआधी त्यांच्याशी बोलावे आणि कागद हलवण्यापूर्वी ते जसे ठेवलेले होते तसे मोबाइलवर टिपून घ्यावेत. कोणता गठ्ठा कोणत्या फडताळात, कोणत्या फायलीत, कशाबरोबर बांधलेला होता, ही माहितीसुद्धा महत्त्वाची असते. कागद तारखेप्रमाणे लावण्याच्या उत्साहात त्यांनी स्वतः लावलेला क्रम मोडू नये. पिना आणि टाचण्या गंजून कागद खातात, त्या काढाव्यात. रबर बँड काढून सुती नाडी वापरावी. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, कारण काही वर्षांत ती पिवळी पडून पानालाच डाग पाडते.

वह्या, पत्रे, निवेदनांच्या पोच घेतलेल्या प्रती, मोर्चाची पत्रके, शिबिरांच्या हजेऱ्या, पावतीपुस्तके आणि वृत्तपत्रातील कात्रणे यांना प्रत्येकी एक क्रमांक देऊन साध्या वहीत नोंद करावी. स्कॅन करताना लिखित कागद ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० बिंदू) आणि छायाचित्रे ६०० डीपीआयवर घेतली तर पुढे छपाईसाठीही उपयोगी पडतात. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात मोबाइलने सरळ वरून फोटो घ्यावेत. कात्रणांच्या मागे वृत्तपत्राचे नाव आणि तारीख बहुधा नसते. ते आठवणारे माणूस आहे तोवर पेन्सिलीने लिहून घ्यावे. छायाचित्रांचेही तसेच. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी पुढाऱ्याचे नाव सगळ्यांना माहीत असते. ज्यांच्यासाठी काम झाले त्या बायकांची नावे कोणालाच आठवत नाहीत. अल्बम घेऊन वस्तीत जावे आणि तिथेच नावे विचारावीत.

संस्थेचे जुने अहवाल संगणकावर असतील, तर ते श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या संगणकावर ते उघडले की निरर्थक अक्षरे दिसतात. असे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत आणि मूळ फाइलही ठेवावी.

आता सर्वांत नाजूक बाब. समाजकार्यातील कागदांत इतरांच्या आयुष्यातली दुखणी लिहिलेली असतात: मारहाण, अत्याचार, आजार, कर्ज, मूल दत्तक देणे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. पीडित बालकांबाबत पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ लागू होते. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या माहितीलाही २०१७ च्या कायद्याचे संरक्षण आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, त्या माणसांनी कार्यकर्त्यावर विश्वास ठेवून ते सांगितले होते, आपल्यावर नव्हे. म्हणून कागदांची पहिली छाननी एक-दोन विश्वासू आणि अनुभवी व्यक्तींनीच करावी, असे कागद वेगळ्या बंद पाकिटात ठेवावेत आणि ते स्कॅन करून गटांवर टाकण्याचा मोह टाळावा.

पत्रांच्या बाबतीत एक साधा नियम लक्षात ठेवावा. पत्र ज्याच्याकडे आहे त्याच्या मालकीचा तो कागद असतो, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा असतो, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ टिकतो. पत्रे छापायची असतील तर लेखी परवानगी घ्यावी.

आठवणी गोळा करणे

हे काम कागदांबरोबरच सुरू करावे आणि वयाने सर्वांत मोठ्या माणसापासून सुरुवात करावी. ‘ताई कशा होत्या?’ असे विचारले की ‘देवमाणूस होत्या’ असे उत्तर येते आणि मुलाखत तिथेच संपते. त्याऐवजी असे विचारावे: पहिल्यांदा कुठे भेटलात? कोणत्या कामासाठी गेला होतात? त्या काय म्हणाल्या? तुमच्याबरोबर कुठल्या कचेरीत आल्या? काम झाले का, की नाही झाले? रागावल्या कधी? शेवटच्या प्रश्नावर माणसे हसतात आणि मग खरे बोलू लागतात.

वर्ष आठवत नसेल तर मोठ्या घटनांचा आधार द्यावा. ‘७२ च्या दुष्काळाच्या आधी की नंतर?’ ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या इथे होत्या का?’ ‘२६ जुलैच्या पावसात काय केले?’ मराठवाड्यात, मुंबईत, कोल्हापूर-सांगलीच्या पूरपट्ट्यात लोक काळ असाच मोजतात. सप्टेंबर १९९३, जुलै २००५, ऑगस्ट २०१९ या तारखा आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्या आजूबाजूला उरलेल्या आठवणी बसवता येतात.

मुलाखत ध्वनिमुद्रित करण्याआधी परवानगी घ्यावी आणि ती परवानगीही मुद्रणातच नोंदवून ठेवावी. नाव छापले तर चालेल का, हे वेगळे विचारावे. फक्त चाहत्यांकडेच जाऊ नये. ज्यांच्याशी ते भांडले तो निवृत्त तलाठी, ठाण्यातले हवालदार, ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिका, संस्थेतून वेगळे झालेले जुने सहकारी, यांच्याकडून मिळणारी माहिती जास्त नेमकी असते. ‘रोज सकाळी दहाला दारात उभे असायचे, वैताग यायचा’ असे एखादा कारकून सांगतो, तेव्हा त्या माणसाची चिकाटी जितकी कळते तितकी दहा भाषणांतून कळत नाही.

सभा

सभा निधनानंतर लगेचच घ्यायची असा हट्ट नसावा. दशक्रिया, जलदान विधी, चाळिसावा किंवा प्रार्थनासभा, जे काही त्या घरी होणार असेल, त्याच्याशी वेळ जुळवून घ्यावी. महिन्याभराने घेतलेली सभा अधिक तयारीची होते. जागा मंगल कार्यालयापेक्षा त्यांनी जिथे काम केले त्या शाळेत, समाजमंदिरात किंवा मैदानात असावी. मजूर आणि घरकामगार यायचे असतील तर दुपारी चारची वेळ ठेवू नये. संध्याकाळी साडेसहानंतर किंवा सुटीच्या दिवशी ठेवावी.

एकूण दीड तास पुरे. सुरुवातीला पाच मिनिटांत कार्याचा परिचय, त्यानंतर ज्यांच्यासाठी काम झाले त्यांच्यापैकी तिघे-चौघे, मग सहकारी, मग कुटुंबातील एक, आणि मान्यवर असलेच तर शेवटी. उलट क्रम लावला की मान्यवर आपले बोलून निघून जातात आणि त्यांच्यामागून अर्धे सभागृह उठते. बोलणाऱ्यांना आधी सांगून ठेवावे की प्रत्येकाने एकच प्रसंग सांगावा. सूत्रसंचालन करणाऱ्याने मधेमधे कविता म्हणू नयेत. लोक त्या ऐकायला आलेले नसतात.

हार-तुऱ्यांऐवजी वह्या किंवा पुस्तके आणण्याची विनंती निमंत्रणातच करावी आणि ती कोणत्या शाळेला जाणार हेही लिहावे. प्रवेशद्वाराजवळ एक टेबल मांडून कोरे कागद ठेवावेत: नाव, फोन, एक आठवण. लिहिता न येणाऱ्यांचे ऐकून लिहून घेण्यासाठी दोन विद्यार्थी तिथे बसवावेत. माइकसमोर जे बोलले जात नाही ते या टेबलावर येते. व्यासपीठामागच्या बॅनरवर फक्त त्यांचे छायाचित्र आणि जन्म-मृत्यूची साले असावीत. शुभेच्छुकांचे चेहरे त्यावर आले की ती सभा कोणाची, असा प्रश्न पडतो.

स्मरणिका की पुस्तिका

जाहिरातींची जाड स्मरणिका आणि नीट संपादित केलेली पातळ पुस्तिका यांत निवड करायची असेल, तर मी दुसरी निवडेन. छपाई १६ पानांच्या फॉर्मच्या हिशेबाने चालते, म्हणून ४८, ६४ किंवा ८० पाने ठरवून मजकूर बसवावा. आत काय असावे? सालवार जीवनपट, त्यांनी स्वतः लिहिलेले दोन-चार उतारे, दहा-बारा आठवणी, एखाद्या लढ्याची सविस्तर हकिगत आणि नावांसह छायाचित्रे. कामाचे आकडे वहीतून मोजून द्यावेत. ‘हजारो मुलांना मदत’ असे लिहिण्यापेक्षा नोंदवहीत सापडली तेवढीच संख्या लिहावी, मग ती १३७ का असेना.

अपयशालाही जागा द्यावी. बंद पडलेली बालवाडी, हरलेला दावा, फुटलेला बचत गट यांची कारणे पुढच्या कार्यकर्त्याला सर्वांत उपयोगी पडतात.

पुस्तिकेला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, हवा असल्यास तो राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. पुस्तक वितरण अधिनियम, १९५४ प्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेली ग्रंथालये यांना प्रत पाठवायची असते; ती पाठवली की घरोघरच्या प्रती गहाळ झाल्या तरी पुस्तिका कुठेतरी सापडते. तालुक्याच्या वाचनालयात आणि जवळच्या समाजकार्य महाविद्यालयात एकेक प्रत आवर्जून द्यावी.

कायमचे स्मारक

महाराष्ट्रात यासाठी चांगले नमुने आहेत. समाजवादी स्वातंत्र्यसैनिक युसूफ मेहेरअली यांच्या नावाने १९६१ साली सुरू झालेल्या आणि पनवेल तालुक्यात तारा येथे काम करणाऱ्या सेंटरने त्यांचे नाव दवाखाना, शिक्षण आणि ग्रामोद्योगांतून चालते ठेवले. माणगाव तालुक्यातील वडघरच्या साने गुरुजी राष्ट्रीय स्मारकात मुलांची आणि तरुणांची शिबिरे भरतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर खून झाला, त्यानंतर कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमत राहिले. या स्मरणाला ना इमारत लागली ना निधी. गाडगेबाबांचे नाव राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानाला दिले गेले, म्हणजे ते झाडूशीच जोडलेले राहिले. या सगळ्यांत माणूस जे करत होता त्याच जातीचे काम त्याच्या नावाने चालते.

म्हणून रक्ताची सोय करून देणाऱ्याच्या नावाने रक्तदात्यांची यादी अद्ययावत ठेवावी, शिकवणी घेणाऱ्याच्या नावाने अभ्यासिका चालवावी. पुरस्कार हा सर्वांत सोपा पर्याय वाटतो, पण त्याचा हिशेब आधी मांडून पाहावा. दोन लाखांच्या ठेवीवर सात टक्के दराने वर्षाला १४,००० रुपये व्याज येते. सभागृह, निमंत्रणे, स्मृतिचिन्ह आणि चहा यांतच ते संपते आणि पुरस्काराची रक्कम दरवर्षी मागून उभी करावी लागते. तेच व्याज एका मुलीच्या वर्षाच्या बसपास आणि पुस्तकांना पुरते. परदेशातील मराठी मंडळी मदत करू इच्छित असतील, तर त्यांचे पैसे थेट खात्यावर घेऊ नयेत. परकीय देणगीसाठी संस्थेला एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या नियमनाच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. अनिवासी भारतीय नागरिकाने दिलेल्या देणगीचा नियम वेगळा आहे, तेव्हा देणारा कोणत्या देशाचा नागरिक आहे हे आधी विचारून सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा.

नवी संस्था काढण्याची घाई करू नये. सात जण जमवून नोंदणी होते, पण नंतर दरवर्षी लेखापरीक्षण, बैठकांचे इतिवृत्त आणि बदल अर्ज कोण करणार? आधीच नीट चालणाऱ्या संस्थेत त्यांच्या नावाने स्वतंत्र राखीव निधी ठेवावा. त्याचा उद्देश, व्याजाचा वापर आणि निवड समिती यांचा लेखी ठराव करून घ्यावा. नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून वर्गणी घ्यायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ क च्या तरतुदी पाळाव्या लागतात. गणेशोत्सव मंडळे परवानगी घेतात ती याच कलमाखाली. पावतीशिवाय एक रुपयाही घेऊ नये.

नाव, फलक, पुतळा

गावात रस्त्याला किंवा सभागृहाला नाव देण्यासाठी ग्रामसभेचा ठराव, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेच्या सभेची मान्यता लागते. त्याच नावासाठी दुसऱ्या गटाची मागणी आहे का, हे आधी पाहावे, नाहीतर गेलेल्या माणसाच्या नावाने भांडण सुरू होते. फलकावर पदे कमी आणि काम जास्त लिहावे: ‘या वस्तीत नळ यावा म्हणून लढल्या’ एवढी एक ओळ पुरेशी आहे.

पुतळ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये असा आदेश दिला आहे. इतर जागेसाठीही जिल्हा प्रशासनाची मान्यता आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मंजुरी अशी लांब प्रक्रिया असते. त्यानंतर देखभाल, कुंपण, रंगरंगोटी आणि निवडणुकीच्या हंगामातली चढाओढ येते. छोट्या कार्यकर्त्यासाठी यात न पडलेले बरे.

पहिली पुण्यतिथी

पुण्यतिथी तिथीने करायची की तारखेने, हे कुटुंबाला विचारून पहिल्याच वर्षी ठरवावे, कारण पुढे दोन दिवस दोन कार्यक्रम होऊ लागतात. त्या दिवशी भाषणांआधी वर्षाचा हिशेब वाचावा: जमा किती, खर्च किती, यादीतल्या अर्धवट कामांपैकी किती पूर्ण झाली, किती सुटली नाहीत आणि का. स्कॅन केलेल्या कागदांची एक प्रत कुटुंबाकडे, एक संस्थेकडे आणि एक गावाबाहेरच्या ग्रंथालयात दिली गेली आहे का, हे तपासावे. निधीच्या ठरावात एक कलम नसेल तर ते याच बैठकीत घालून घ्यावे: सलग तीन वर्षे कार्यक्रम झाला नाही किंवा समिती उरली नाही, तर शिल्लक रक्कम त्याच उद्देशाच्या कोणत्या संस्थेला जाईल, तिचे नाव.